मार्लीनबाईंची शिकवणी

“किती वर्षं झाली त्यांना जाऊन?” मार्लीन डॅबनीने विचारलं आणि माझं मंगळसूत्र दोन बोटांत धरलं.

आमची ओळख होऊन पुरती पाच मिनिटंही झाली नव्हती. तिच्या दिवाणखान्यातल्या पांढऱ्या सोफ्यावर मी अंग चोरून बसले होते आणि ती माझ्यासमोर गालिच्यावर, मांडी घालून. भारतात सगळे असेच बसतात असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. माझे गुडघे दुखतात म्हणून मला सोफ्याची सवलत होती.

“हे काळे मणी,” ती म्हणाली. “आमच्याकडे काळा पोशाख एक दिवस घालतात. फुलं सुकायच्या आत तो परत कपाटात जातो. आणि तुम्ही बायका दुःख गळ्यात घालून फिरता. आयुष्यभर!”

मी तीस वर्षं सांगलीला मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं. इंग्रजी मला समजायचं. पण बोलायचं म्हणजे आधी मनात वाक्य जुळवायचं, काळ तपासायचा, मग ते तोंडावाटे सोडायचं, अशी माझी रीत. ‘माझे यजमान जिवंत आहेत’ हे वाक्य काही अवघड नव्हतं. समोरची बाई ओशाळणार नाही अशा बेताने ते सांगणं अवघड होतं. मी त्या सभ्यपणाची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तिने डोळे मिटले आणि दोन्ही गालांवरून एकेक अश्रू, अगदी एकाच वेळी, खाली आला.

“माझा हॅरल्ड एकोणनव्वदमध्ये गेला,” असं म्हणून तिने मला मिठी मारली.

खांद्यावर डोकं ठेवून रडणाऱ्या बाईला ‘अहो, पण आमचे हे आहेत’ असं कसं सांगणार? उद्या सांगू, म्हटलं. उद्या तिने विचारलं, “त्यांचं नाव काय होतं?” मी सवयीने म्हटलं, “आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत.” यावर ती पुन्हा रडली. मग मी तो नाद सोडला.

त्या रविवारी सकाळी माझ्या दिवंगत यजमानांचा सांगलीहून फोन आला. त्यांना गुळाचा डबा सापडत नव्हता.

“फडताळात बघा. खालच्या कप्प्यात, निळ्या झाकणाचा,” मी म्हटलं.

जरा वेळाने आवाज आला. “निळं नाही, जांभळं आहे ते झाकण. नीट सांगत जा. आणि ऐक, स्वयंपाकाच्या बाई सोडून गेल्या.”

“का हो?”

“पोळी किती इंचाची हवी ते मी सांगितलं, तर त्यांना राग आला. तू असं कर, वीस तारखेपर्यंत ये. परागला सांगितलंय मी तिकीट बदलायला.”

“अहो, माझं तिकीट मेअखेरचं आहे. आत्ता तर कुठे मार्च—”

“बदलेल तो,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आमचे हे, गजानन आठल्ये, पाटबंधारे खात्यातून डेप्युटी इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. अमेरिकेला माझ्याबरोबर आले नाहीत, कारण विमानातल्या संडासाबद्दल त्यांना खात्रीलायक माहिती मिळेना. हे सगळं सत्त्याण्णव सालचं. मी अठ्ठावन्न वर्षांची होते आणि मुलाकडे, म्हणजे परागकडे, लॉस एंजेलिसजवळ बरबँकला आले होते. माझी सून गौतमी हिने तिथल्या मराठी मंडळाच्या पत्रकात एक जाहिरात वाचली: सिनेमासाठी मराठी शिकवू शकेल अशी ज्येष्ठ स्त्री हवी. “आई, तुम्हीच,” ती म्हणाली. घरात बसून मी तिच्या स्वयंपाकघरातले डबे तिसऱ्यांदा लावत होते. त्यामुळे तिचा आग्रह मनापासूनचा असावा.

सिनेमा असा होता: नगर जिल्ह्यात एका मिशनऱ्याच्या पोटी जन्मलेली गोरी बाई. लहानपणापासून मराठी बोलणारी. एका मराठी डॉक्टरशी लग्न करते, म्हातारपणी तो मरतो, ती त्याचा दवाखाना चालवते. बाईच्या तोंडी चौदा मराठी वाक्यं होती. त्यातलं मुख्य वाक्य नवऱ्याच्या प्रेताजवळ म्हणायचं होतं. कुणा विद्यापीठातल्या माणसाने शंभर वर्षांपूर्वीचा कोश उघडून ते रचलं होतं: ‘हे प्राणनाथ, मज एकटीला त्यागून आपण कोठे गेलात?’

मार्लीन म्हणायची, “हे प्रॅना-नॅट.”

“प्राण-नाथ.”

“प्रॅना-नॅट. म्हणजे काय, सिंडी?”

माझं नाव सिंधू. तिने ते पहिल्या दिवशीच सिंडी केलं होतं.

“काही नाही,” मी म्हटलं. “असं कुणी म्हणत नाही.”

तिच्या घराच्या भिंतींवर सगळीकडे तीच होती. शिकवणीत तिला कंटाळा आला की ती मला भिंतीभिंतीने फिरवायची, त्यामुळे तिचं आयुष्य मला क्रमाने पाठ झालं. मूळची नेब्रास्काची. बापाचा कोंबड्यांचा धंदा, गावभर मका. नाव मर्टल. अठराव्या वर्षी जत्रेत मक्याची राणी म्हणून निवडून आली आणि चांदीच्या कागदाच्या कणसांचा मुकुट डोक्यावर घेऊनच हॉलिवूडला पळाली. स्टुडिओने तिला नवं नाव दिलं, नवे दात दिले आणि चार वर्षं धाकटी केली. पुढे दर दहा वर्षांनी कुणी ना कुणी तिला आणखी धाकटी करत गेलं. मला ती बावन्न म्हणून सांगितली होती. त्या हिशोबाने मक्याची राणी झाली तेव्हा ती नऊ वर्षांची असणार.

पहिल्या नऊ सिनेमांत ती फक्त किंचाळली. कधी राक्षसी खेकडा पाहून, कधी राक्षसी गांधीलमाशी पाहून. “खेकडा नंतर चिकटवतात,” तिने मला सांगितलं. “मी एका बांबूला बांधलेल्या टेनिसच्या चेंडूकडे बघून किंचाळायचे. त्या शहरात माझ्याइतकं चेंडूला कुणी घाबरलं नाही.”

मग टीव्हीचा जमाना आला आणि ती अकरा वर्षं एका न्यायाधीशाची बायको झाली. चार मुलं, एक कुत्रा आणि दर आठवड्याला भट्टीतून बाहेर येणारी ‘पाय’. पाय म्हणजे त्यांची करंजीच, फक्त ताटाएवढी. ती प्लास्टरची होती, रंगवलेली, आणि अकरा वर्षं तीच होती. अख्ख्या अमेरिकेने तिला आदर्श गृहिणी मानलं. देशभरातून बायका पाककृती विचारायच्या. एक बाई कामाला ठेवली होती, ती उत्तरं द्यायची.

मालिका संपली तेव्हा मार्लीन पंचेचाळिशीची होती, कागदावर छत्तिशीची. त्यानंतर तिला तिच्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्या नटांच्या आईची कामं आली. मग तीही थांबली. मग कवळीला लावायच्या चिकट मलमाची जाहिरात. मधल्या काळात चार नवरे: एक सिनेमात घोड्यावरून पडणारा, एक दातांचा डॉक्टर, एक निर्माता आणि शेवटचा हॅरल्ड. तो तिचा व्यवस्थापकही होता. चेहरा तीनदा ताणून घेतला होता. ती चकित झाली आहे की दुःखी आहे की नुसती ऐकते आहे, हे ओळखायला मला पहिले दोन दिवस लागले.

मी तिला हसत होते, हे कबूल करते. रोज संध्याकाळी घरी येऊन गौतमीला तिच्या नकला करून दाखवायचे. फक्त एक गोष्ट गौतमीला सांगितली नव्हती. ती म्हणजे, मार्लीनच्या वहीत सासरे वारले होते.

वही होतीच तिच्याकडे, सोनेरी पेनासकट. “मला खरं दुःख हवंय, सिंडी,” ती म्हणायची. “तू सांग, मी लिहून घेते.” शिक्षिकेला कुणी टिपणं काढताना दिसलं की तिचा तोल जातो. तिसऱ्या दिवशी मी ह्यांना मारलं. दुपारी जेवून उठले, सुपारी कातरली, आरामखुर्चीत बसले ते बसलेच.

“शेवटचे शब्द?” तिने विचारलं.

“आमटीत मीठ कमी होतं, म्हणाले.”

तिने ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला दिग्दर्शक आला. बॅरी त्याचं नाव. सत्तावीस वर्षांचा, टोपी उलटी घातलेला. भारतात तो अकरा दिवस राहून आला होता, त्यातले पाच पोट बिघडून हॉटेलात. मार्लीनने त्याला ‘प्राणनाथ’ म्हणून दाखवलं. दोन्ही गालांवर दोन अश्रू, ठरल्या वेळी. बॅरीने टोपी काढून पुन्हा घातली.

“छान आहे,” तो म्हणाला. “म्हणजे, सुंदरच. फक्त मला आत काही दिसत नाहीये. शुक्रवारी कॅमेरा घेऊन येतो. तोपर्यंत बघू.”

तो गेल्यावर तासाभराने मार्लीनच्या एजंटचा फोन आला. लंडनची एक नटी आहे, तिला विचारून ठेवलंय, शुक्रवारी जमलं नाही तर काम तिला जाणार. मार्लीनने फोन ठेवला.

“हे गेलं तर मलमच,” ती म्हणाली. “परत त्या कवळीच्या बाईचं हसू हसायचं. सिंडी, माझे दात अजून माझे आहेत. म्हणजे स्टुडिओचे. पण पक्के.”

बुधवारी ती रोजच्यासारखी नटलेली नव्हती. केस नुसते बांधले होते आणि कपाळावर सुरकुत्या होत्या. कदाचित त्या आधीही असाव्यात. तिने दहा वेळा वाक्य म्हटलं, दहा वेळा रडली. शेवटी माझ्यातली शिक्षिका बोललीच.

“पाठ झालंय,” मी म्हटलं. “उमगलं नाहीये.”

“मग तू उमगून दे.” तिने वही पुढे ओढली. “तो गेला, लोक आले, लोक गेले. दुसऱ्या दिवशीची सकाळ. तू उठलीस. काय केलंस? अगदी पहिली गोष्ट?”

रडले, असं म्हणायला मी तोंड उघडलं.

“कॉफी केली,” मी म्हटलं.

“कॉफी?”

“आमच्या घरी कॉफी करत नाहीत. पित्त होतं.”

“तुला?”

“नाही. त्यांनी वाचलं होतं कुठेतरी, एकसष्ट साली. लग्नाच्या वर्षी. माझं माहेर धारवाडचं, आमच्याकडे पहाटे बिया दळल्या की गल्लीला वास जायचा. लग्नानंतर छत्तीस वर्षं मी चहा घेतला. चहासुद्धा त्यांच्या मापाचा, अर्धा चमचा पावडर. तर त्या सकाळी मी कॉफी केली. मोठं भांडंभर. आणि पेपर घेतला.”

“मृत्यूची बातमी बघायला?”

“छे. पेपर उघडायला! आमच्याकडे पेपर आधी ते वाचतात. मग मला वाचून दाखवतात, त्यांना बरं वाटेल तेवढा. दुपारी माझ्या हाती येतो तेव्हा शब्दकोडं सोडवून झालेलं असतं, पेनने, आणि चुकीचं. मी मराठीची शिक्षिका. पण आजवर एक अक्षर दुरुस्त केलं नाही. कशाला, परत त्यावर व्याख्यान ऐकायचं? तर त्या दिवशी मी घडी न मोडलेला पेपर घेतला आणि कोडं सोडवलं. मग पलंग खिडकीखाली सरकवला. वारं बाधतं म्हणून तो भिंतीला असतो ना. मग एसटीने धारवाडला गेले. परत कधी येणार ते कुणाला सांगितलं नाही. सांगायला कुणी नव्हतंच. स्टँडवर मी भजी खाल्ली, स्टँडवरची, उघड्यावरची! आणि रात्री भावाच्या गच्चीवर झोपले, आणि सकाळी उठून...”

मी बोलत होते. बराच वेळ बोलत असेन. वाक्य जुळवत नव्हते, काळ तपासत नव्हते, इंग्रजी आपोआप येत होतं. मी नाटकाची तिकिटं काढली, मी शेजारच्या काकूंना दुपारी घरी बोलावलं, मी मोठ्याने हसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मार्लीनचं पेन थांबलं आहे.

तिने वही मिटली.

“सिंडी,” ती म्हणाली, “हा माणूस मेलेला नाही.”

“मी पडद्यावर सहा वेळा विधवा झालेय आणि घरी एकदा,” ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, नेब्रास्काचा असावा. “मेलेल्या नवऱ्याबद्दल बायका असं बोलत नाहीत. नवरा वाईट असला तरी नाही. त्या स्वतःचे अपराध सांगतात. त्या दिवशी मी टाकून बोलायला नको होतं, डॉक्टरला आधी बोलवायला हवं होतं. तू तासभर बोललीस आणि स्वतःला एकदाही दोष दिला नाहीस. तू मला सुट्टीचा बेत सांगितलास.”

आता हाकलणार, मी मनाशी म्हटलं. चेहरा बावळट दिसत असणार माझा.

“ते सांगलीत आहेत,” मी म्हटलं. “गेल्या रविवारी त्यांना गूळ सापडत नव्हता.”

ती हसायला लागली. चेहऱ्याला परवानगी नव्हती, पण खांदे, पोट, सगळं हलत होतं. मलाही हसू फुटलं. आणि मग माझं हसू कधी बदललं ते मला कळलं नाही. तिला कळलं. तिने रुमाल दिला आणि दुसरीकडे बघत बसली. मिठीबिठी मारली नाही, त्याचं मला बरं वाटलं.

“हॅरल्ड,” थोड्या वेळाने ती म्हणाली, “मी काय खायचं ते ठरवायचा. कुणाशी काय बोलायचं तेही. मुलाखतीत मला प्रश्न विचारला की उत्तर तो द्यायचा, आणि मी मान हलवायचे. बावीस वर्षं त्याने मला मका खाऊ दिला नाही. म्हणाला, हातात कणीस घेतलंस की तू मर्टल दिसतेस. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सहा कणसं उकडली आणि ओट्याशी उभी राहून खाल्ली, लोणी कोपरापर्यंत ओघळत होतं. मग हात धुतले आणि एका मासिकाचा माणूस आला त्याच्यासमोर रडायला बसले. त्यांनी माझा फोटो काढला, टेबलावर दोन ताटं मांडून. ‘अजूनही ती त्याचं ताट मांडते.’ ताटं त्यांचीच होती, जाताना परत घेऊन गेले. पण रडले इतकं छान की मला दोन कामं मिळाली. तेव्हापासून तेच रडते आहे. हॅरल्डसाठी नव्हेच. ताटांसाठी म्हण.”

“बॅरीला तेच दिसत असणार,” मी म्हटलं.

“बॅरी सत्तावीस वर्षांचा आहे, त्याला काही दिसत नाही. पण काहीतरी नाहीये एवढं त्याला कळतं.” ती उठली, सोफ्यावर माझ्याशेजारी येऊन बसली. गालिच्यावर मांडी घालून तिचेही गुडघे दुखत होते हे तेव्हा मला समजलं. “आता मला वाक्य दे. ते प्रॅना-नॅट नको. खोलीत कुणी नाही. तो पडलाय, तू आहेस. पहिल्या मिनिटाला, तुझ्या भाषेत, तू काय म्हणशील?”

मला फार विचार करावा लागला नाही.

“पडा तुम्ही,” मी म्हटलं. “मी कॉफी करून घेते.”

तिने ते माझ्याकडून सगळी दुपार घोकून घेतलं. ‘ड’ तिला येत नव्हता, ‘घ’ तर नव्हताच. पण संध्याकाळपर्यंत ती ते असं म्हणायला लागली की वाटावं, धारवाडची एखादी आत्याच बोलतेय.

शुक्रवारी बॅरी छोटा कॅमेरा घेऊन आला. प्रेताला माणूस नव्हता, म्हणून कॅमेरा तिवईवर लावून तोच टोपी काढून सोफ्यावर आडवा झाला. मार्लीनने त्याच्या अंगावर चादर घातली. चादरीची एक सुरकुती हाताने सारखी केली. मग उभी राहिली, खिडकीकडे बघितलं, पुन्हा त्याच्याकडे बघितलं. अश्रू नाही, काही नाही. ती नुसती खांद्यावरून काहीतरी उतरवून ठेवावं तशी सैल झाली आणि हळू आवाजात म्हणाली:

“पडा तुम्ही. मी कॉफी करून घेते.”

आणि चालत खोलीबाहेर गेली. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला.

प्रेत उठून बसलं. त्याचे डोळे भरले होते.

“हे... हे कुठून आणलं? अर्थ काय याचा?” बॅरीने मला विचारलं.

मी शब्दाला शब्द सांगितला. त्याने तोंडावर हात ठेवला.

“देवा! तो गेलाय हे तिला स्वीकारताच येत नाहीये. ती अजून त्याच्यासाठी कॉफी करतेय.”

‘करून घेते’ मध्ये कॉफी कुणासाठी आहे हे मी त्याला व्याकरणासह समजावून देऊ शकले असते. तीस वर्षं मी तेच शिकवलं होतं. मार्लीन दारात उभी होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

“हो,” मी म्हटलं. “फार प्रेम होतं.”

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. काम तिलाच मिळालं. सिनेमा फार चालला नाही, पण पेपरवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं. पडद्यावर तळाशी इंग्रजीत भाषांतर उमटायचं: ‘विश्रांती घे, प्रिया. मी तुझी कॉफी आणते.’ एकाने लिहिलं की त्या एका वाक्यात एका प्राचीन संस्कृतीचं पातिव्रत्य सामावलं आहे. ते कात्रण मार्लीनने मला पाठवलं, कोपऱ्यात लिपस्टिकने एक कणीस काढून. त्यानंतर तिला विधवांचीच कामं येत राहिली, सात की आठ. ती दोन हजार नऊ साली गेली तेव्हा तीन वर्तमानपत्रांनी तिची तीन वयं छापली. आमचे हे त्या मार्चनंतर चौदा वर्षं धडधाकट होते. तीही नोंद करून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं मी काहीतरी केलं.

पण त्या शुक्रवारी हे काही माहीत नव्हतं. बॅरी गेल्यावर मार्लीन म्हणाली, “सहा आठवडे शूटिंग आहे, न्यू मेक्सिकोत. तिथलं माळरान म्हणे तुमच्या त्या नगरसारखं दिसतं. तू चल. बाकीची तेरा वाक्यंसुद्धा तसलीच आहेत, सगळी बदलू.”

“माझं वीस तारखेचं तिकीट आहे,” मी म्हटलं.

“कुणी काढलं?”

मी पिशवी उचलली. तिच्या घरातून निघताना तिने फक्त माझं मंगळसूत्र सरळ केलं, पदरात अडकलं होतं म्हणून.

शनिवारी मी परागला तिकीट परत मेअखेरचं करायला सांगितलं. तो दाढी करत होता, तसाच साबणासकट बाहेर आला.

“आई, मी बदललंय गं तिकीट. बाबांनी तीनदा फोन केला ऑफिसात. आता त्यांना काय सांगायचं?”

“तू काही सांगू नकोस. मी सांगते.”

“तू?” तो म्हणाला. त्याचा दोष नव्हता. त्याने तसं कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी फोन वाजला. गौतमी पोहे करत होती, पराग टेबलाशी पेपर घेऊन बसला होता. पेपर उलटा होता. मी फोन घेतला.

“हां,” हे म्हणाले. “वीस तारखेला मुंबईला उतरशील. तिथून रात्रीची गाडी धर. स्टेशनवर मी येतो. सामान जास्त आणू नकोस, हमाल लुटतात.”

“अहो, मी वीसला येत नाही.”

“मग एकवीस?”

“मेअखेरीला. ठरलं होतं तसंच. मधले सहा आठवडे मला काम आहे. सिनेमाचं.”

“कुणाला विचारलंस?”

“कुणाला नाही.”

“अगं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? नवरा इथे हाताने भात लावतोय आणि बायको तिकडे सिनेमावाल्यांबरोबर गावोगाव हिंडतेय! लोक काय म्हणतील?”

“इथल्या लोकांना वाटतं तुम्ही वारलात,” मी म्हटलं. “त्यांची काही तक्रार नाही.”

गौतमीचा झारा कढईत थांबला. पराग माझ्याकडे बघत होता. फोनमध्ये नुसती खरखर ऐकू येत होती, सात समुद्रांची. फोन तुटला असं मला वाटलं. तेवढ्यात ह्यांचा आवाज आला, कालव्याचा बांध फुटल्यावर हाताखालच्या माणसाकडे अहवाल मागायचे तसा.

“वारलो? कशाने?”

“हार्ट.”

“माझं हार्ट उत्तम आहे. परवाच कार्डिओग्राम काढला.”

“बरं झालं.”

“आणि कधी? कधी वारलो मी?”

“मंगळवारी,” मी म्हटलं. “दुपारी जेवून उठलात, सुपारी कातरली आणि—”

“मंगळवारी?” त्यांच्या आवाजात एकदम जीव आला. चूक सापडली होती. “मंगळवारी मी दुपारी जेवतो का? उपास असतो माझा! छत्तीस वर्षं साबुदाण्याची खिचडी करतेस आणि एवढं लक्षात नाही? मंगळवारी मी जेवून उठणं शक्यच नाही!”

“मग बुधवारी धरा,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.